चष्मेवाल्या आप्पांचं भूकंपशास्त्र

चष्मेवाल्या आप्पांचा जन्म लोकांना प्रश्न विचारण्यात गेला. ही काच बरी की ती? आता दिसतंय? जरा धूसर वाटतंय का? दुकानाबाहेर मात्र आप्पांना कधी कोणी काही विचारलं नव्हतं. बायकोला विचारायची गरज पडत नसे, कारण उत्तर तिने आधीच ठरवलेलं असायचं. एकुलती एक लेक शाळेत चौथीला भूगोल-विज्ञान शिकवायची आणि बापालाही तेच प्रश्न विचारायची ज्यांची उत्तरं तिला येत होती. गल्लीतल्या लोकांची पाण्याच्या टाकीवरून बैठक भरायची, तेव्हा आप्पांनी घसा खाकरला की कोणीतरी हमखास म्हणायचं, चला, चहा आला.

अशा माणसाला जमिनीनेच एकदा बोलायची संधी दिली.

दुकान काडेपेटीएवढं. तीन भिंतींना काचेच्या फळ्या, फळ्यांवर फ्रेमा ओळीने मांडलेल्या, कोपऱ्यात आरसा, समोर अक्षरांचा तक्ता आणि पडद्यामागे काचा घासायचं यंत्र. त्या दिवशी खुर्चीत बँकेतून निवृत्त झालेले साहेब बसले होते. त्यांच्या नाकावर चाचणीची गोल, जड फ्रेम होती आणि आप्पा तिच्यात एक काच सरकवत होते. तेवढ्यात फळ्यांवरच्या सगळ्या फ्रेमा थंडीत दात वाजावेत तशा खडखडल्या. मोठा ट्रक गेला तरी त्या वाजत, पण रस्त्यावर ट्रक नव्हता. आप्पांचा हात हवेतच थांबला आणि त्यांच्या तोंडून शब्द गेला, "भूकंप."

साहेब "काय?" म्हणेपर्यंत जमीन आडवी हलली. आरसा कलला, तक्ता खिळ्यावरून निसटला आणि दोघंही बाहेर पळाले. साहेब चाचणीची फ्रेम नाकावर ठेवूनच पळाले, त्यामुळे त्यांना रस्ते दोन दिसत होते आणि नेमक्या कुठल्या रस्त्यावर उभं राहावं ते ठरत नव्हतं. एक श्वास रोखून धरावा इतक्याच वेळात सगळं थांबलं. एका गोदामाची कुंपणभिंत पडली, समोरच्या दवाखान्यात काही बाटल्या फुटल्या. माणसाला कोणाला खरचटलंही नाही.

रस्त्यावर गर्दी जमली तेव्हा साहेबांनी छाती पुढे काढून सांगितलं की, यांनी आधी सांगितलं, मी साक्षीदार आहे. ज्या माणसाने नोकरीत दोन पुरावे पाहिल्याशिवाय कधी सही केली नाही, त्याने ही सही डोळे मिटून केली. मग ती बातमी गल्लीत फिरायला लागली आणि फिरता फिरता अंगाने भरली. संध्याकाळी "जरासं आधी" होतं, दुसऱ्या दिवशी "सकाळीच सांगितलं होतं" झालं, आणि आठवडा संपेपर्यंत आप्पांनी म्हणे आदल्या रात्री साहेबांच्या घरी जाऊन त्यांना सावध केलं होतं. स्वतः साहेबांनाही आता ते आठवायला लागलं.

पहिल्या दोघा-तिघांना आप्पांनी खरं काय ते सांगितलं. पुढच्यांना नाही सांगितलं. खोटं बोलणं वेगळं आणि खोटं न खोडणं वेगळं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. हा फरक इतका बारीक होता की तो दाखवायला त्यांच्या दुकानातही भिंग नव्हतं.

रात्री जेवताना लेकीने विषय काढला. तिने ताटाभोवतीच्या वाट्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि वर्गात सांगावं तसं सांगायला लागली. जमीन आपल्याला अखंड वाटते, पण पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचं आहे. त्या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. ते सतत सरकत असतात, साधारण आपली नखं वाढतात त्या गतीने. सरकताना त्यांच्या कडा एकमेकींत अडकतात, ताण साठत जातो, आणि कधीतरी खडक तुटतो नाहीतर झटक्यात सरकतो. तो झटका म्हणजे भूकंप. जमिनीखाली जिथे तो बसतो ती नाभी, आणि तिच्या बरोबर वर जमिनीवर जी जागा असते ते अपिकेंद्र. नाभीपासून लहरी निघतात. पहिली पायाने हलकी आणि वेगाची असते, ती नुसती भांडी वाजवते. दुसरी मागून येते, ती भिंती पाडते.

"तुमच्या फ्रेमा वाजल्या ती पहिली लहर होती, आप्पा," ती म्हणाली. "खाली भूकंप तेव्हा होऊन गेला होता. तुम्ही भविष्य नाही सांगितलंत. पाहुणे दारात आले होते, तुम्ही आत वर्दी दिलीत."

"पण ओळखलं तर मीच ना?"

"ओळखलंत. चार घरं सोडून असलेल्या कुत्र्यानेही ओळखलं, ते तर तुमच्याही आधी भुंकलं."

आप्पांच्या बायकोला, म्हणजे गल्लीच्या काकूंना, हसू आवरेना. आप्पा ताटावरून तसे उठले नाहीत, पण पुढचा घास त्यांनी अपमान गिळावा तसा गिळला.

दुकानात मात्र दुसरंच जग सुरू झालं होतं. नंबर न वाढलेली माणसं नंबर तपासायला येऊ लागली. काच सरकवून होईपर्यंत गप्प बसायची आणि मग आवाज खाली आणून विचारायची: गच्चीवर मजला चढवू का, मुलाला सहलीला पाठवू का, नवं कपाट कुठल्या भिंतीला लावू? आप्पा जन्माच्या सवयीने म्हणत, "तसं काही दिसत नाही." ते आपले काचेपुरतं बोलत, लोक त्याचं अभयदान करून घरी नेत.

हळूहळू आप्पाही त्या खुर्चीत मुरले. रद्दीच्या दुकानातून त्यांनी पृथ्वीच्या अंतरंगावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि शोकेसमध्ये ठेवलं. ते उघडल्याचं कोणी पाहिलं नाही. वरिष्ठ पदावरच्या नातेवाइकाचं नाव घ्यावं तसं ते "भूपट्ट" म्हणू लागले. काउंटरवर त्यांनी दोऱ्याला एक जाड भिंग टांगलं आणि त्याच्या झोक्यावरून जमिनीचा अंदाज घेऊ लागले. पंखा लावला की भिंग हलायचं, म्हणून पंखा बंद झाला. गिऱ्हाइकं घामाने निथळत, पण आदराने निथळत.

आप्पांचं एकही भाकीत चुकत नसे. त्याचं श्रेय लेकीला होतं. एकदा वादात ती बोलून गेली की, पृथ्वीवर कुठे ना कुठे रोजच छोटे धक्के बसत असतात; माणसाला कळत नाहीत, भूकंपमापक यंत्राला कळतात. हे वाक्य आप्पांनी अलगद उचललं. तेव्हापासून ते एवढंच म्हणत, "या आठवड्यात हालचाल आहे." कुठे ते सांगायचं नाही. मग जगाच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी जमीन हलायची, बातमी यायची आणि आप्पा ते कात्रण आरशाच्या कडेला खोचून ठेवायचे. लेकीने सत्य सांगितलं, बापाने त्याचा गल्ला मांडला.

गावाबाहेर कचऱ्याचा एक डोंगर होता. तो धुमसायचा, वारा फिरला की धूर घराघरांत शिरायचा आणि लोक नगरपालिकेच्या नावाने खडे फोडायचे. नगरपालिकेचे स्वच्छता अधिकारी आप्पांकडे वाचायचा चष्मा करायला आले, तेव्हा त्यांनी सहज या कटकटीचा विषय काढला. आप्पांची गाडी त्या दिवसांत उताराला लागली होती. त्यांनी भिंगाकडे बघितलं आणि म्हणाले की, तो धूर वरचा नाही, खालून येतोय. त्या टेकडीच्या पोटात उष्णता आहे.

अधिकाऱ्यांना चष्म्याआधीच लख्ख दिसायला लागलं. पुढच्या सभेत त्यांनी निवेदन वाचलं की, स्थानिक तज्ज्ञांच्या मते सदर धूर भूगर्भीय स्वरूपाचा असण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब हा विषय स्वच्छता विभागाचा नसून निसर्गाचा आहे. निसर्गाशी पत्रव्यवहार कोणी करायचा हे ठरेना, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. आणि कमाल अशी की, कचऱ्याला शिव्या घालणारे लोक ज्वालामुखीशी आदराने वागू लागले. सुट्टीच्या दिवशी लोक मुलाबाळांना घेऊन तो बघायला जात, लांब उभे राहून शेंगदाणे खात आणि रिकाम्या पुड्या ज्वालामुखीवर टाकून परत येत.

लेक त्या दिवशी शाळेतून तावातावाने घरी आली. चपला काढायच्या आतच तिने बापाला गाठलं.

ज्वालामुखी म्हणजे काय हे तिने त्यांना उभ्या उभ्या ऐकवलं. जमिनीच्या खूप खाली काही ठिकाणी खडक वितळतो, त्याला शिलारस म्हणतात. तो भोवतालच्या खडकापेक्षा हलका असतो, त्यात वायू कोंडलेले असतात, म्हणून तो भेगांतून वर चढतो. बाहेर पडला की त्यालाच लाव्हा म्हणतात. लाव्हा आणि राख तोंडाभोवती थरावर थर साचत जातात, आणि त्याचा डोंगर होतो. बहुतेक ज्वालामुखी भूपट्टांच्या कडांजवळ असतात. नगरपालिकेच्या हद्दीजवळ असावेत असा काही नियम नाही.

"तो डोंगर पृथ्वीच्या पोटातून आलेला नाही, आप्पा. आपल्या ओट्यावरून गेलेला आहे."

आप्पांनी पडती बाजू घेतली आणि विचारलं, निद्रिस्त ज्वालामुखी म्हटलं तर चालेल का?

"निद्रिस्त म्हणजे जो पूर्वी कधीतरी जागा होता. मी शाळेत होते तेव्हा तिथे खड्डा होता."

काकू आतून म्हणाल्या की, खड्ड्यात घाला तो ज्वालामुखी आणि हातपाय धुऊन घ्या. विषय तेवढ्यावर राहिला.

आता नुसत्या "हालचाल आहे"वर लोकांचं भागेना. शेजारच्या शिंप्याला तर नक्की दिवस हवा होता, कपडे कधी द्यायचे ते गिऱ्हाइकांना सांगावं लागतं. दुकानात दहा माणसं उभी असताना तो काउंटरवर कोपर टेकून आप्पांच्या मागे लागला. त्याच्या कोपराने काउंटर हललं, काउंटरने भिंग हललं. सगळ्यांच्या नजरा भिंगावर आणि भिंगावरून आप्पांवर आल्या. "माहीत नाही" हे दोन शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले होते, पण इतकी माणसं उत्तरासाठी थांबलेली असताना त्यांना परत पाठवणं आप्पांच्या जिवावर आलं.

"रविवार," ते म्हणाले. "दुपारी."

रविवारी जेवणं उरकून सगळी गल्ली फुटबॉलच्या मैदानावर हलली. लोकांनी गाद्या आणल्या, घडीच्या खुर्च्या आणल्या, एकाने माशांची काचपेटी मांडीवर घेऊन आणली. बँकेतल्या साहेबांनी व्यायामाची सायकल आणली. आयुष्यात ती एका जागची हलली ती त्या दिवशीच. काकू घरी राहिल्या. अख्ख्या गल्लीत आवाज नाही असा योग पुन्हा येणार नाही, असं म्हणून त्यांनी पडदा ओढला आणि छान झोपल्या.

आप्पा मैदानाच्या मधोमध, छत्रीच्या दांडीला भिंग बांधून बसले होते. ऊन कललं तशी लोकांची चुळबुळ सुरू झाली, आणि आप्पांच्या मनात एक इच्छा उगवली. व्हावा एकदाचा. छोटासाच. कोणाला लागू नये, पण सगळ्यांना कळावा. समोर पोरं चेंडू खेळत होती, त्यांच्याकडे बघूनही ती इच्छा लाजली नाही. उलट, मैदानावर तर सगळे सुरक्षितच आहेत की, असं म्हणून ती जास्तच ऐसपैस बसली. मैदानावर न आलेली बायको घरी छताखाली झोपली आहे, हे आप्पांना बऱ्याच उशिरा आठवलं.

सावल्या लांबल्या. जमीन ढिम्म होती. माशांच्या पेटीतलं पाणीसुद्धा हलत नव्हतं. शेवटी शिंपी उठून उभा राहिला आणि त्याने आप्पांकडे नुसतं बघितलं. आता आपली गच्छंती, असं त्यांच्या मनात आलं आणि तोंडून वेगळंच निघालं.

"टळला."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. गाद्या गुंडाळून परत जाताना लोक आप्पांचा हात हातात घेत होते, एका बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. झालेल्या भूकंपाचं श्रेय एक वेळ वाटून घ्यावं लागतं. न झालेल्याचं सगळंच्या सगळं आप्पांच्या पदरात पडलं.

त्यानंतर शाळेच्या मुख्याध्यापकांनी आप्पांना चौथीच्या वर्गापुढे बोलायला बोलावलं. लेकीने हात जोडून नको म्हटलं. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, घरात गंगा असताना तुम्ही तहानलेल्या का?

आप्पांनी सुरुवात झोकात केली. पृथ्वीच्या पोटात काय खदखदतंय ते हातवारे करून सांगितलं. मुलं शांतपणे ऐकत होती; ती फार शांत आहेत हे आप्पांच्या उशिरा लक्षात आलं. मग दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं की, तुम्ही सांगितलेल्यांपैकी किती भूकंप झाले? आप्पा म्हणाले, एक झाला, मोठा होता तो टळला.

"कोणी टाळला?"

"तसं नाही बाळ. आपोआप टळला."

"मग तो होणार होता हे कसं कळलं?"

आप्पांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं, मुख्याध्यापकांनी छताकडे. मागच्या बाकावरचा एक मुलगा मदतीला धावला. तो म्हणाला, मी पण सांगतो, उद्या आपल्या शाळेवर हत्ती पडणार आहे. नाही पडला तर टळला. कोणी हसलं नाही. दोघा-तिघांनी ते वहीत उतरवून घेतलं, ते आप्पांना हसण्यापेक्षा जास्त लागलं.

बाजू सावरायला म्हणून त्यांनीच एक सोपा प्रश्न विचारला: भूकंप आला तर काय करायचं? आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं, लगेच बाहेर पळायचं.

"नाही," असं सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. मग एकेकाने उठून सांगितलं. हलत असताना पळायचं नाही, जिन्यावर तर मुळीच नाही. काचेपासून आणि कपाटापासून लांब व्हायचं. खाली बसायचं, बाकाखाली किंवा भक्कम टेबलाखाली शिरायचं, एका हाताने डोकं झाकायचं, दुसऱ्या हाताने टेबलाचा पाय धरून ठेवायचा. हलणं थांबलं की रांगेने मोकळ्या मैदानात. नंतरही छोटे धक्के बसतात, म्हणून लगेच आत यायचं नाही. लेक खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होती. मुख्याध्यापकांनी अमूल्य मार्गदर्शनाबद्दल आप्पांना एक पेन दिलं.

बापलेक शाळेतून बरोबरच घरी निघाली. मग ती म्हणाली, "'माहीत नाही' म्हणता आलं असतं."

"लोकांना ते चालत नाही."

"तुम्ही कधी म्हणून बघितलंत?"

आप्पांनी बघितलं नव्हतं. पण वर्गातला तो हत्ती त्यांच्या डोक्यातून जाईना. काही दिवस भाकितांच्या भानगडीतच पडायला नको, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी "मी आता सांगणार नाही" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मोठेपणाने निवृत्त व्हायचं तर जाता जाता काहीतरी देऊन जावं लागतं. त्यांनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं की, पुढचे काही महिने सगळ्यांनी निर्धास्त राहावं, जमीन शांत आहे. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. ज्यांनी पहिल्या धक्क्यानंतर कपाटं भिंतीला दोरीने बांधली होती, त्यांनी ती सोडली. सगळ्यांत आधी शिंप्याने सोडली, ती दोरी त्याला गठ्ठे बांधायला हवी होती.

आणि मग एके दिवशी सकाळी दुकानात पलीकडच्या इमारतीतल्या आजीबाई आल्या. वय झालेलं, डोळे अधू, पण जीभ शाबूत. आप्पांचे केस पिकले तरी त्या त्यांना अरेतुरे करत. आप्पा त्यांच्या डोळ्यांवर काच धरत होते तेवढ्यात फळ्यांवरच्या फ्रेमा खडखडल्या.

आप्पांनी ते ऐकलं. मागच्या वेळेपेक्षा स्पष्ट ऐकलं. रस्त्यावर ट्रक नाही हेही त्यांना दिसत होतं.

"काय रे, भूकंप आहे का?" आजीबाईंनी विचारलं.

"छे," आप्पा म्हणाले. "या महिन्यात नाही."

पहिल्या धक्क्याच्या वेळी त्यांना काहीच माहीत नव्हतं, तेव्हा ते बरोबर बोलले होते. आता ते तज्ज्ञ होते. हातात होते ते मोजके क्षण स्वतःची अब्रू राखण्यात गेले आणि मागची लहर आली. भिंत भिंतीसारखी राहिली नाही. वरची फळी निखळून खालच्या फळीवर आदळली, आणि तीन भिंतींची काच एकदम खाली यायला लागली. आप्पांचे पाय दाराकडे वळले. दारालगतच्या कोपऱ्यातला आरसा वाटेवर लटपटत होता. कुठून कोण जाणे, त्यांच्या कानात तो अख्ख्या वर्गाचा "नाही" वाजला. त्यांनी आजीबाईंना खुर्चीतून ओढलं, लाकडी काउंटरच्या खाली ढकललं आणि स्वतः त्यांच्या मागे घुसून काउंटरचा पाय धरला. काच बाहेर पावसासारखी पडत राहिली.

थांबलं तेव्हा आप्पांच्या बाहीवर रक्त होतं. ते त्यांचं नव्हतं. आजीबाईंचा हात मनगटापासून कोपरापर्यंत चिरला होता. आत ओढताना नव्हे, त्याआधीच, खुर्चीत बसलेल्या असताना. आप्पांनी त्यांना दवाखान्यात नेलं. टाके पडत असताना त्या एकदाही ओरडल्या नाहीत, आणि आप्पांकडे एकदा बघून घेतल्यावर पुन्हा त्यांनी बघितलंही नाही.

तिथून ते शाळेकडे गेले. जिन्याचं प्लास्टर ढासळलं होतं, पण जिन्यावर मुलं नव्हती. जिन्यावर फक्त मुख्याध्यापक होते. जमीन हलत असताना ते एकटेच पळाले होते आणि घोटा धरून पायरीवर बसले होते. मुलं मैदानात रांगेने बसली होती आणि लेक डोकी मोजत होती. बापाची बाही बघून ती मोजता मोजता थांबली.

"लागलं?"

"माझं नाही," आप्पा म्हणाले. ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

गावात कोणी दगावलं नाही. भिंती पडल्या, काही हाडं मोडली. शिंप्याच्या अंगावर दोरी सोडलेलं कपाट आलं आणि त्याचा हात मोडला. कचऱ्याचा डोंगर घसरून रस्त्यावर पसरला, तेव्हा नगरपालिकेने घोषणा केली की, ज्वालामुखीचा उद्रेक होऊन गेला असून तो आता शांत आहे. रस्त्यावरचा लाव्हा उचलायला मात्र पुढचे कितीतरी दिवस कोणी आलं नाही, आणि त्यात लोकांना आपापल्या ओळखीच्या पिशव्या दिसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पा मन घट्ट करून शिंप्याच्या घरी गेले. तोंडावर शिव्या खायच्या आणि मुकाट्याने परत यायचं, असं ठरवून गेले होते. शिंपी प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून पडला होता. त्याने बायकोला आप्पांसाठी खुर्ची द्यायला सांगितलं, दार लोटून घ्यायला लावलं आणि हळूच विचारलं, "आप्पा, पुढचा कधी?"

आप्पांना शिवी परवडली असती. ते म्हणाले, "मला माहीत नाही. कोणालाच माहीत नसतं. छोटे धक्के बसत राहतील एवढं खरं. कपाट बांधून ठेव."

शिंप्याला वाटलं, आप्पा रागावलेत किंवा काहीतरी दडवतायत. दोन दिवस तो निरोप पाठवत राहिला. आप्पांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगितलं: सांगता येत नाही, कपाट बांधा, टेबलाखाली शिरा. लोक तोंड वाकडं करून जात. आप्पा चुकले हे गल्लीने हसत हसत माफ केलं होतं. आप्पांना माहीत नाही, हे मात्र गल्लीला मुळीच खपलं नाही. इतकी वर्षं ओळखतो आणि एवढंसं सांगत नाही, असा त्यांचा सूर होता.

महिनाभरात बँकेतल्या साहेबांच्या डाव्या पायाचा अंगठा ठणकायला लागला. डॉक्टर म्हणाले, रक्तातली आम्लं वाढलीत. साहेब म्हणाले, भूपट्ट. तेव्हापासून त्यांच्या ओसरीवर सकाळ-संध्याकाळ माणसं जमू लागली. साहेब पाय स्टुलावर ठेवून बसत, आणि नगरपालिकेचे अधिकारीही अंगठ्याकडे बघून मगच विषयाला हात घालत.

आप्पा आजीबाईंचा चष्मा तयार करून त्यांच्या घरी द्यायला गेले. त्या खिडकीशी बसल्या होत्या, हातावर टाक्यांच्या खुणांची ओळ होती. आप्पा चष्मा पुढे करून म्हणाले, "आजी, मी चुकलो. ऐकू आलं होतं मला."

"मला पण आलं होतं," आजीबाई म्हणाल्या. "तुझ्यावर विसंबले. माझंही चुकलंच." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, दांड्या कानांमागे नीट बसवल्या आणि बाहेर बघायला लागल्या. जरा वेळाने त्यांनी आप्पांना जवळ बोलावलं. "ती समोरची भिंत बघ. वरपासून खालपर्यंत रेघ दिसतेय ती काय आहे? की तुझी काच खराब आहे?"

आप्पांनी वाकून बघितलं. काच चांगली होती. समोरच्या इमारतीच्या भिंतीला गच्चीपासून खालच्या फाटकापर्यंत तडा गेला होता.

आप्पा खाली उतरले आणि तिथल्या लोकांना सांगायला गेले. एकजण म्हणाला, आम्ही साहेबांना विचारलंय, या आठवड्यात अंगठा शांत आहे. दुसऱ्याने विचारलं, आप्पा, तुम्हाला तर हल्ली काही माहीत नसतं ना? आप्पा म्हणाले, हे माहीत असायची गरज नाही, हे दिसतंय. ते दोघं हसून आत गेले. मग आप्पांनी चौकीदाराकडून एक मोडकी खुर्ची मागून घेतली, फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे मांडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंत दाखवत बसून राहिले. बहुतेकांनी मान हलवली आणि ते चालते झाले. दुपारी एक बाई कडेवर तान्हं मूल घेऊन आली. तिने मान वर करून त्या रेघेकडे बराच वेळ बघितलं, आणि फाटकातून आत न जाता ती आप्पांच्या शेजारी येऊन उभी राहिली.